नाक्यावरचा उंट

संपत्ती माणसाला बिघडवते. संतांनी हे सांगितलं आहे, तत्त्वज्ञांनी सांगितलं आहे, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी तर फारच ठामपणे सांगितलं आहे. मी मराठी मुलखाच्या हद्दीपलीकडच्या बालाघाटच्या कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, तेव्हा माझ्याकडेही ती नाही आणि माझंही मत तेच होतं. फरक इतकाच, की हे मत एका जिवंत माणसावर तपासून पाहण्याची संधी मला मिळाली. जवळजवळ तीन वर्षं, दर शनिवारी, आणि त्या माणसाच्याच आग्रहावरून. तो बिघडतो का, यावर मी नजर ठेवायची होती. बिघाड सापडला, पण ठरलेल्या जागी नाही.

माणसाचं नाव शिमोन साळवे. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि ते दोन कारणांनी. आठवड्यातले सहा दिवस ते शिंपी होते, आणि आमच्याकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. सातव्या दिवशी ते चर्चमधल्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवत. दोन्हीकडे गळ्यात टेप तोच.

गुजरी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन मशिनी, एक कापायचा पाट आणि एक आरसा. आरशाचा वरचा तुकडा कधीतरी निखळून पडला होता, त्यामुळे त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं डोकं दिसत नसे. कोणी तक्रार केली तर मास्तर सांगत की इथे कपडा पाहा, थोबाड घरी पाहा. मार्थाबाई, म्हणजे त्यांची बायको, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्यावर दुकानात स्टुलावर बसून काज-बटणं करत. मास्तर माप घेत, ओरडून सांगत, आणि बाई वहीत लिहून घेत. पोट सुटलेला माणूस आला की मास्तर कंबर चार इंच कमी सांगत आणि बाई न बोलता चार वाढवून लिहीत. एवढं खोटं देव चालवून घेतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं. देवाने त्यांना तसं कळवलं होतं का, हे बाईंनी माझ्यासमोर तरी कधी विचारलं नाही.

ते मुख्यतः शिवत ते वकिलांचे काळे कोट, पास्टरांचे झगे आणि शाळेचे गणवेश. मशीन चालवताना भजन म्हणत. सरळ शिलाईला चाल जलद, कॉलरला संथ, आणि दोरा तुटला की एक शब्द जो भजनात नव्हता. माणूस अंगाने किरकोळ, आवाजाने भरदार. हसायला लागले की तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेवत, आणि मगच हसत. हसण्यापूर्वी अशी तयारी करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

संडे स्कूलमध्ये त्यांचा एक आवडता धडा होता. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशूने म्हटल्याचा. शिंप्याला तो आवडावा यात नवल नाही. सगळ्या शास्त्रात त्याच्या हत्याराचा एवढा मान दुसरीकडे कुठे नसेल. पण अडचण आली ती शब्दाची. सुईचं भोक म्हणजे नेढं, हे आमच्या पिढीला माहीत. समोरच्या मुलांच्या घरी आजी मराठीत बोले, आईबाप निम्मे निम्मे, आणि मुलं हिंदीत. 'नेढं' म्हटल्यावर सगळी कोरी नजर. तेव्हा मास्तरांनी हिंदी शब्द वापरला: सुई का नाका. मुलांचे चेहरे उजळले. नाका कोणाला माहीत नाही? जंगलाच्या रस्त्यावर बांबूचा आडवा दांडा असतो, खाली खुर्ची टाकून खाकी शर्टातला माणूस बसलेला असतो, आणि सागवान नेणारे ट्रक तो थांबवतो, तो नाका.

त्या नाताळात मुलांनी या धड्याचं नाटक स्वतःच बसवलं. मला आमंत्रण होतं. पडदा सरकला तर स्टेजवर लाल-पांढरा दांडा आणि वर पाटी, 'सुई नाका'. तपकिरी चादरीखाली दोन मुलं वाकून उंट झाली होती, आणि उंटावर दोन सुटकेसा, एक कुकर आणि टीव्हीचा रिकामा खोका. नाकेदार म्हणाला, "टीपी दिखाओ." टीपी म्हणजे जंगलातून माल न्यायचा परवाना, त्याशिवाय आमच्याकडे लाकूड हलत नाही. उंटाचे पुढचे पाय म्हणाले, "साहब, सेठ का माल है." मग सेठ आला आणि त्याने एक नोट पुढे केली. तालमीत नाकेदार ती नोट बाणेदारपणे परत करत असे. त्या दिवशी त्याने ती टोपीखाली ठेवली आणि दांडा वर केला. कुकरसकट उंट स्वर्गात गेला, आणि तिथे उभ्या असलेल्या देवदूतांना ऐन वेळी दुसरं काही न सुचल्यामुळे त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर पहिल्या रांगेत टेपने डोळे पुसत होते. तेव्हाचे पास्टर भारी चिडले. मास्तर त्यांना म्हणाले की पोरांनी पाहिलं ते दाखवलं, धडाच मी नीट दिला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात एक सुई दिली आणि एक डोळा मिटून तिच्या नाक्यातून पलीकडे पाहायला लावलं. काय दिसतं, विचारलं. एका मुलीने सांगितलं की काहीच दिसत नाही. मास्तर म्हणाले, बरोबर.

आणि मग, सत्तरीच्या जवळ आल्यावर, मास्तर स्वतः श्रीमंत झाले.

त्यांचे वडील तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. मजुरीतून त्यांनी बालाघाटात गोंदिया रोडला थोडी जमीन घेतली होती. मुरमाड, जिच्यावर गवतही विचार करून उगवायचं. पन्नास वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग रस्ता रुंद झाला, आणि वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्याने लग्नाचं लॉन बांधायला ती विकत घेतली. रक्कम मला माहीत नाही. मास्तरांनी ती सांगितली नाही; बाकी सगळ्या गावाने सांगितली, आणि प्रत्येकाने वेगळी.

सौदा झाला त्या शनिवारी मी पँटचं कापड घेऊन गेलो तर मास्तरांनी मशीन थांबवली आणि मला बसवून घेतलं.

"सर, मी पन्नास वर्षं पोरायले सांगून राह्यलो का श्रीमंताचं काही खरं नाही. आता मीच झालो. तुमी अर्थशास्त्रवाले. माह्यावर नजर ठेवा. काही बदल दिसला का सांगा, लाजू नका."

हे काम मार्थाबाई जास्त चांगलं करतील, असं मी म्हणालो. काज करता करता बाईंनी मानही वर केली नाही. "मले चाळीस वर्षांत यायच्यात कोनताच बदल दिसला नाही, भाऊ. आता काय दिसनार?"

"तिले माहे जुने दोष अन् नवे दोष येगळे काढता येत नाही," मास्तर म्हणाले.

मी हसत होतो. ते हसत नव्हते. टाचण्या तोंडातच होत्या. बाई आत चहा टाकायला गेल्या तेव्हा त्यांनी हळू आवाजात खरं सांगितलं. "माहा बाप गरीब होता. तो आत गेला असन. माय पन. आता त्याच्याच जमिनीनं माही वाट अडवली, अन् मी बाहेरच राह्यलो, तं?"

 मी शनिवारी येत जाईन म्हणालो.

मी काम मनापासून केलं. पहिल्या महिन्यात एक लक्षण सापडलं: मास्तरांनी नवी इस्त्री घेतली. चौकशीअंती कळलं की जुनीने एका न्यायाधीशाचा कोट जाळला होता. दुसऱ्या महिन्यात ते एका गिऱ्हाइकावर भयंकर ओरडले. मी उत्साहाने नोंद घेतली, तर बाई म्हणाल्या की त्या गिऱ्हाइकावर ते पंचवीस वर्षांपासून ओरडत आहेत. तिसऱ्या महिन्यात बाईंनी न्हाणीघरात गीझर बसवला. मास्तर काळजीत पडले, आणि भर उन्हाळ्यातही थंड पाण्यानेच अंघोळ करत राहिले. उन्हाळ्यात त्याला त्याग म्हणता येणार नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

गाव मात्र भराभर बदलत होतं. मास्तरांना 'साळवे साहेब' म्हणणारे उगवले. कार्यक्रमात त्यांची खुर्ची मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत, आणि तिथून स्टेजवर गेली. एका समितीने त्यांना 'समाजरत्न' केलं. जमीन विकण्यात समाजाची कोणती सेवा झाली, याचा मानपत्रात उल्लेख नव्हता; विशेषणांतून जागा उरली नसावी. अध्यक्षांनी शाल पांघरली तेव्हा फोटोग्राफर थांबून राहिला, कारण मास्तर शालीची कड उलटून टाके पाहत होते. घरी आल्यावर त्यांनी ती शाल कापून चार टोपड्यांना अस्तर लावलं.

नव्या पास्टरांनाही त्यांची घालमेल कळली होती. तरुण, मनमिळाऊ माणूस. छिंदवाड्याकडून बदलून आलेला. झग्याची ट्रायल द्यायला दुकानात आले असताना त्यांनी मास्तरांना समजावलं की उगीच घाबरता. सुईचं नेढं म्हणजे खरी सुई नव्हेच. यरुशलेमच्या तटाला त्या नावाचं एक छोटं दार होतं. उंटाचं सामान उतरवलं, त्याला गुडघ्यांवर बसवलं, की तो सरकत सरकत आत जायचा. म्हणजे नम्र राहिलं की झालं.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मला वाटलं आता हसतील.

"पास्टर साहेब, हे दार मले लय सोयीचं हाय. पन मी पन्नास वर्षं सुईत दोरा ओवून राह्यलो. सुई अल्टर होत नाही. करायचा तं उंट अल्टर करा लागते."

पास्टर म्हणाले, पण देवाला सगळं शक्य आहे, असंही तिथेच पुढे म्हटलं आहे.

"हौ, म्हटलं हाय. ते देवाचं काम हाय, तो पाहून घेईन. माह्याकडून मी उंट बारीक करून ठेवतो."

मी नंतर पुस्तकं चाळून पाहिली. तसलं दार आजवर कुणाला सापडलेलं नाही. ते प्रवचनांतच आढळतं. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. एवढंच म्हणाले, की ज्याने ते दार काढलं त्याने कधी बटन लावलं नसावं.

पण उंट बारीक कसा करायचा, हे त्यांना ठरवता येईना. एकदम सगळं देऊन टाकावं तर परत शाल आणि मानपत्र. बाईंचा अर्ध्यावर हक्क होता आणि तो त्यांनी सोडलेला नव्हता. उंट हे आहेत, मी पेन्शनवाली आहे, असं त्या सांगत. वर्षभर हे चाललं. आणि मग माझी आणखी एक पँट तयार झाली.

मी ती घेतली, घरी घातली, छान झाली म्हणून निरोप धाडला. ती घालून किरनापूरला एका लग्नालाही जाऊन आलो. पुढच्या शनिवारी गेलो तर मास्तर माझी वाटच पाहत होते. त्यांनी मला त्या बिनडोक्याच्या आरशासमोर उभं केलं.

"पाय पाहा."

पाहिले. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला इंचभर तोकडा होता.

"माह्यानं चूक झाली. टेप सरकला. तुमी नेल्यावर ध्यानात आलं. मी आठ दिवस वाट पाहून राह्यलो का आता सर भांडाले येतीन. वीस वर्षं तुमी दर पँटीवर भांडले. नीट होती तेव्हाबी भांडले. अन् आता इंचाची चूक, तं म्हनता छान?" ते खुर्चीवर बसले. "मले नाही, सर. तुमाले झालं."

 मी आठवून पाहिलं. गेल्या वर्षभरात मी शिलाईवर घासाघीस केली नव्हती. त्यांच्या विनोदांना मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ हसत होतो. आणि, हे लिहिताना अजून कान गरम होतात, दोन आठवड्यांपूर्वी मी त्यांना 'साळवेजी' म्हणालो होतो. त्यांच्या पैशातला एक पैसा मला नको होता, मिळणारही नव्हता. तरी मी वाकलो होतो, कोणी न सांगता, नुसत्या सवयीने.

बाईंनी काज संपवून दोरा दाताने तोडला. "भाऊले नजर ठेवाले बसवलं, अन् भाऊच्याच नजरेत पडला मोतीबिंदू," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा मात्र वर्षभरात पहिल्यांदा मोकळा झाला होता. रोग कुठे आहे ते त्यांना कळलं होतं. श्रीमंताला त्याची चूक कोणी सांगत नाही. दहा वर्षं असं गेलं की त्याला आपला टेप सरकतो हेच माहीत नसतं, आणि मग तो तसाच कापत सुटतो. हे त्यांनी मला ती पँट उसवता उसवता समजावलं. माझ्या एकतीस वर्षांच्या शिकवण्यात संपत्तीविषयी इतकं उपयोगाचं वाक्य एकदाही आलं नव्हतं.

त्यानंतर जे सुरू झालं तसं काही बालाघाटात पूर्वी झालं नव्हतं. मास्तरांनी जमिनीच्या पैशातून कापडाचे ठाण आणले आणि शनिवारी फुकट शिवून द्यायला लागले. रेडिमेड वाटायला त्यांनी साफ नकार दिला. प्रत्येकाचं माप घेतलंच पाहिजे. आणि एक अट घातली. कपडा न्यायचा तर आधी त्यातली एक चूक दाखवायची. चूक नाही तर कपडा नाही.

पहिल्या शनिवारी लोक लाजले. फुकटच्या सदऱ्याला नावं कशी ठेवायची? एक रिक्षावाला अर्धा तास सदरा उलटासुलटा करत बसला आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला की मास्टरजी, सब बढ़िया है. त्याला परत पाठवलं. तो संध्याकाळी बायकोला घेऊन आला. तिने एका मिनिटात तीन चुका काढल्या, चौथी नवऱ्यात काढली, आणि सदरा घेऊन गेली. ही बातमी पसरली. मग बायकाच येऊ लागल्या: गल्लीतल्या, बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या, दवाखान्यात झाडू मारणाऱ्या. किरनापूरहून बसने आलेल्या एका आजीने एका ब्लाउजात सात चुका दाखवल्या. त्यातल्या पाच खऱ्या होत्या. मास्तरांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि मनसोक्त हसले, आणि तिला दोन ब्लाउज दिले. मीही माझं जुनं काम पुन्हा सुरू केलं, म्हणजे भांडायचं. सुरुवातीला जमत नव्हतं. दोन-तीन पँटींनंतर हात बसला.

एक अडचण होती. बँकेचं व्याज मास्तरांच्या पायांपेक्षा जोरात चालत होतं. महिनाभर शिवूनही पैसा होता तिथेच दिसे. तेव्हा मार्थाबाईंनी आपल्या अर्ध्यातून मशीनला मोटर बसवून दिली. उंट हळूहळू बारीक व्हायला लागला. भजनाची चाल तेवढी फार जलद झाली, आणि शेवटी मास्तरांनी भजन सोडून नुसती मोटर ऐकायला सुरुवात केली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात, भर दुपारी. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काली पुतली चौकातून मास्तर सायकलवर येत होते, आणि अंगात काळा, तीन बटनांचा, पूर्ण बाह्यांचा लोकरी कोट. मी थांबवलं. काहून घातला, विचारलं.

"ट्रायल घेऊन राह्यलो, सर. माह्यासाठीच शिवला. शेवटचा. हा घालून झोपवतीन मले." चेहऱ्यावरून घाम गळत होता आणि चेहरा अगदी प्रसन्न होता. "ट्रायल घेतल्याबिगर कोट देत नाही मी कोनाले. बँकेत गेलतो, म्हटलं बसून, उठून, सही करून पाहू. चूक सांगा."

मी सायकलभोवती एक चक्कर मारली. डावी बाही अर्धं बोट लांब आहे, म्हणालो.

"हौ," ते आनंदाने म्हणाले, "मलेबी तसंच वाटलं," आणि पायडल मारून निघून गेले.

बाही त्यांनी त्याच संध्याकाळी आखूड केली आणि कोट खुंटीला लावला. तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, पाटाला टेकून बसल्या बसल्या गेले. चर्चमध्ये जागा पुरली नाही. लोक अंगणात उभे होते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर असे कपडे होते ज्यांतली निदान एक चूक त्यांना तोंडपाठ होती.

पास्टर फार चांगलं बोलले. म्हणाले, साळवे मास्तरांच्या हाती धन आलं, पण धनाच्या हाती मास्तर गेले नाहीत. ते आले तसेच रिकामे चालले आहेत. आज त्यांच्या अंगावर जो पोशाख आहे त्याला खिसा नाही. अंगणात बायका रडायला लागल्या. मीही डोळे पुसले. त्या कोटाला चार खिसे होते. खिशांशिवाय कोट अंगावर नीट पडत नाही, हे कोणताही शिंपी सांगेल. चौथा आतल्या बाजूला होता, चेनचा, आणि बँकेतून आल्यावर तो उघडून पाहायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मार्थाबाईंना डुप्लिकेट पासबुकासाठी अर्ज करावा लागला. अर्ज मीच भरला. 'पासबुक कसे हरवले' या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, लिहा, प्रवासात. बँकेने ते कारण मान्य केलं आणि नियमाप्रमाणे शुल्क कापून घेतलं.